ओठ न हलवता

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल सकाळी मी एका पायावर उभा राहून देवाचं नाव घेतलं. यात तपश्चर्येचा भाग काही नाही. आमच्या क्लीन रूममध्ये जायचं तर डोक्यापासून पावलांपर्यंत झाकणारा पांढरा गाऊन चढवावा लागतो. चढवताना त्याची बाही किंवा पायाचं टोक जमिनीला लागलं की गाऊन बाद. मग नवा घ्या, पुन्हा हात धुवा, पुन्हा पहिल्यापासून. भिंतीला हात टेकायची मनाई आहे. पन्नाशीला आलेल्या माणसाला तोल सांभाळायला कोणाचा तरी आधार लागतोच. म्हणून एक पाय हवेत आणि मनात देव.

ही वही कामावरच्या सवयीने लिहितो. जे घडलं ते घडल्याबरोबर लिहावं, आठवून आठवून सजवू नये, असं तिथे शिकवतात. कालचं काल लिहायला हवं होतं, पण काल हात लिहिण्याच्या अवस्थेत नव्हता.

आमच्याकडे आजारी माणसाच्या रक्तातल्या पेशी येतात. त्यांना खाऊपिऊ घालून आम्ही वाढवतो, आणि पुरेशा झाल्या की पिशवीत भरून त्याच माणसाकडे परत पाठवतो. एकाच्या पेशी दुसऱ्याला चालत नाहीत. त्यामुळे इथे एक बॅच वाया गेली म्हणजे मालाचं नुकसान होत नाही, एका माणसाचं होतं. पिशवीवर नाव नसतं. क्रमांक आणि जन्मसाल असतं. सध्या जी बॅच माझ्या हाती आहे तिचं जन्मसाल माझंच आहे. हा माणूस आमच्या गावच्या शाळेत असता तर माझ्याच वर्गात असता, बहुधा माझ्याच सतरंजीवर. मी त्याला वर्गबंधू म्हणतो. बाईही असेल, पेशींवरून मला तरी ओळखता येत नाही.

तर काल मी कॅबिनेटसमोर बसून वर्गबंधूच्या पेशींचं खाद्य बदलत होतो. कॅबिनेट म्हणजे पुढून अर्धवट उघडी काचेची पेटी. आत स्वच्छ हवा वाहत असते, आपण फक्त हात आत घालायचे. तिच्या तोंडाशी हवेतले कण मोजणारं यंत्र आहे. धूळ, कोंडा, तोंडातला तुषार, काहीही जास्त झालं की ते किंचाळतं. सगळा विभाग त्याला सासूबाई म्हणतो. एरवी कोपऱ्यात गप्प, पण सुनेचं जरा चुकलं की घर डोक्यावर. मोजून द्रव सोडणारी पिपेट बाटलीच्या तोंडाशी नेली, क्षण अवघड, मी कळवळून देवाला हाक मारली, आणि सासूबाई किंचाळल्या.

दोघांची वेळ एकच कशी आली, कळलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फिल्टरवाला येऊन गेला. छतात चढला, अर्धा दिवस खुडबुडला, खाली उतरून साहेबांना म्हणाला, "फिल्टर नव्या नवरीसारखा आहे. खोट असेल तर माणसांत."

साहेबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. दोघांतली दुसरी म्हणजे तोफ. ती माझी जोडीदार. मी पेटीत हात घालून काम करतो, ती एकेक वस्तू पुसून माझ्या हाताशी देते. बाहेर तिचं तोंड थांबत नाही म्हणून तोफ. आत मात्र बोलायला बंदी, सगळा कारभार खुणांचा. बोलताना तोंडातून किती काय उडतं, ते प्रशिक्षणात आम्हाला चित्र काढून दाखवलं आहे. ते पाहिल्यापासून मी सभेत पहिल्या रांगेत बसत नाही.

"केसांना काय लावतेस तू?" साहेबांनी तोफेला धारेवर धरलं.

"शाम्पू. तुम्ही काय लावता?"

साहेबांना टक्कल आहे. चौकशी तिथेच संपली.

मी तिची बाजू घेतली. म्हणालो, "साहेब, आत आम्ही दोघंही ठार मुके असतो." साहेबांनी मान डोलावली. माझ्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनात येत नाही. मी मितभाषी म्हणून प्रसिद्ध आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी भाजी निवडत होतो. ही म्हणाली, "अहो, त्या भाजीला काय समजावताय?"

"मी कुठे काय बोललो?"

"मग ओठांना काय खाज सुटलीये?"

लग्न झाल्यापासून ही असं म्हणते. मी नामस्मरण करतो, हे खरं. पण ते मनात. मनातलं बाहेर ऐकू येत नाही, हे मी तिला शांतपणे समजावलं.

"परवा शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे पाहुणे आलेत का म्हणून," ती म्हणाली.

हिला वाढवून सांगायची सवय आहे.

आमच्या शाळेत गुरुजी एक, खोली एक आणि इयत्ता चार. गुरुजींचं ठाम मत होतं की मनात वाचणारा मुलगा झोपलेला असतो. त्यामुळे सगळी शाळा मोठ्याने वाचायची. ज्याचे ओठ थांबले त्याच्या पाठीत धपाटा. चौथीच्या नद्या ऐकत ऐकत मी पहिलीची अक्षरं गिरवली. पुढे शहरात आलो, परीक्षा दिल्या, मनात वाचायला शिकलो. देवाचंही तसंच. लहानपणी मोठ्याने, आता मनात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सासूबाई दोनदा वाजल्या.

खरं तर आज मी जास्तच सावध होतो. कालच ठरवलं होतं की पाळीच्या सुरुवातीला नेहमीपेक्षा मोठी प्रार्थना करायची, आणि काम चालू असताना एक क्षण खंड पडू द्यायचा नाही. तसंच केलं. गजर झाला. मी आणखी मनापासून देवाला आळवलं. पुन्हा गजर झाला.

माझा गॉगल घामाने की कशाने सारखा धूसर होत होता. बाहेर आल्यावर मास्क पिळला असता तर पाणी निघालं असतं. तोफेचा मास्क कोरडा खडखडीत. वय झालं माझं, दुसरं काय.

गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी दोघांना बोलावलं. या मॅडम हसत नाहीत आणि ओरडतही नाहीत. त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "पेशी वाढवताना झालेले गजर मी एकवेळ तपासण्या करून निस्तरेन. पण तीन मार्चला भरणी आहे. त्या दिवशी पिशवी भरताना गजर झाला तर बॅच मला अडवावी लागेल. आणि दवाखान्याने कळवलंय, या माणसाच्या पेशी पुन्हा काढता येतील अशी त्याची तब्येत राहिलेली नाही."

माझ्याशिवाय भरणी करायची परवानगी फक्त एकाला आहे, आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये. प्लास्टरवरून गाऊन चढत नाही.

देव परीक्षा बघतो आहे, एवढं नक्की.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मी देवावर रुसलो होतो. सकाळीच त्याला सांगून टाकलं, एवढं करूनही तू माझं ऐकत नाहीस, तर आज मीही तुझ्याशी बोलणार नाही. पाळीभर अबोला धरला. मन जड होतं. हात कसेबसे चालले.

सासूबाई एकदाही वाजल्या नाहीत.

देव किती मोठा आहे पाहा. रुसलेल्या माणसालाही सांभाळून घेतो. बसमध्ये त्याची क्षमा मागितली आणि उद्यापासून भक्तीत कसूर करणार नाही, असा शब्द दिला. समोरची बाई उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल पुन्हा गजर झाला. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिने एका वाक्यात निकाल दिला.

"तुम्ही पुटपुटता म्हणून."

मी चिडलो. इतका चिडलो की आवाज चढला. फिल्टरवाला झाला, साहेब झाले, मॅडम झाल्या, एवढ्यांना जे सापडलं नाही ते हिला स्वयंपाकघरातून दिसलं! आज सकाळी तिने माझ्या चष्म्याच्या दांडीत पातळ कागदाची एक पट्टी अडकवली, ती बरोबर ओठांसमोर लोंबत राहिली, आणि हातात सुईदोरा दिला.

"ओवा."

मी ओवला. पट्टी हलली नाही. मी विजयी मुद्रेने पाहिलं.

"बरं, आता ही ओवा," म्हणून तिने सगळ्यांत बारीक सुई दिली, आणि मग आपल्या भावाच्या नव्या गाडीचं काहीबाही बोलत बसली. सुईचं भोक मला दिसेना. दोरा फाटे फुटून बाहेरच राहायचा. मी सुई उजेडात धरली, दोरा चाटून टोकदार केला, पुन्हा प्रयत्न केला. किती वेळ गेला कोण जाणे. हिचं बोलणं कधी थांबलं, तेही कळलं नाही. वर पाहिलं तर ही तोंडाला पदर लावून गदगदा हसत होती आणि माझ्या नाकासमोर ती पट्टी वाऱ्यावरच्या पताकेसारखी नाचत होती.

"मी काही म्हणालो का?"

"देवाला कितीदा तरी हाक मारलीत. मध्ये एकदा सुईला शिवी दिलीत."

मी चष्मा काढला, पट्टी सोडवली. मी आयुष्यभर ज्याला मन समजत आलो, ते माझं तोंड होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कोणाला काही सांगितलं नाही.

जायचं ठरवून मॅडमच्या दारापर्यंत गेलो होतो. दार उघडं होतं. आत जाऊन काय म्हणणार? चोरी केली, दारू पिऊन आलो, झोपलो, यातलं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. देवाचं नाव घेतलं, यात चूक कुठली, हे मलाच नीट उमगत नाही. मी त्या माणसासाठीच हाका मारत होतो. त्याच्यासाठी मारलेली हाक त्याच्याच पेशींवर उडत होती.

दुसरी भीती लहान आहे, पण लिहितो. आतलं काम काढून घेतील आणि मला कोठारात बाटल्या लावायला बसवतील. आत बसणारा म्हणून मला लोक ओळखतात. तोफेच्या भाषेत, "काका म्हणजे आमचे गाभाऱ्यातले."

पाणी प्यायच्या निमित्ताने दारावरून पुन्हा एक फेरी मारली. मॅडमनी वर न बघता विचारलं, "काही काम होतं का?" मी म्हटलं, "नाही, पाणी." पाण्याची जागा जिन्याच्या पलीकडे आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि संगणकावर चौकशीचं पान उघडलं. कारणाच्या जागी चारच पर्याय आहेत: माणूस, यंत्र, माल, पद्धत.

"माणूस," मी म्हणालो.

त्यांनी तसं भरलं. मग विचारलं, "कामाच्या वेळी संभाषण. कोणाशी?"

"देवाशी."

त्यांची बोटं थांबली. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या, "त्यांचं गाऊनिंगचं प्रशिक्षण झालेलं नाही. आत होते असं मला लिहिता येणार नाही."

त्यांनी विनोद केला की नियम सांगितला, मला अजून कळलेलं नाही. शेवटी "ओठांची अनावश्यक हालचाल" असं लिहिलं. 'अनावश्यक' हा शब्द मला लागला. पण मी गप्प राहिलो. निदान त्या क्षणी तरी ओठ हलवणं शोभलं नसतं.

आतलं काम काढून घेतलं नाही. सरावाची भरणी करून दाखवायची, पेशींशिवाय, नुसत्या खाद्याची. जमली तर सोमवारची खरी भरणी मी करायची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सराव. मॅडम काचेपलीकडे उभ्या.

ओठ आवळून बसलो. देवाऐवजी पाढे म्हणावेत असा विचार करून आलो होतो, पण कपडे बदलतानाच तोफेने पलीकडच्या खोलीतून सांगितलं, "काका, एकोणतीसचा पाढा मला इथे ऐकू येतोय, आणि चुकीचा येतोय." तेव्हा पाढेही बंद. श्वास रोखून पाहिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग नुसता गप्प बसलो.

सासूबाई गप्प. पण माझे हात! असे थरथरायला लागले, जणू कोणी दुसऱ्याचे आणून मला लावले आहेत. पिशवीच्या नळीला बाटलीकडचं टोक लागेना. खाद्य टेबलावर सांडलं.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "हवा पास, हात नापास. उद्या आणखी एक संधी."

म्हणजे देवाला हाक मारली की हवा बिघडते आणि नाही मारली की हात. माझ्यासारख्याने करायचं काय?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्या सरावाआधी कॅन्टीनमध्ये बसलो होतो. चहा समोर तसाच होता. तोफ समोर येऊन बसली.

"काका, राग येणार नसेल तर एक विचारू?"

"येईल. विचार."

"आत असताना तुम्ही असता कुठे? मी खूण करते, तुम्ही बघत नाही. दुसऱ्यांदा करते, बघत नाही. शेवटी हात नाचवावा लागतो, तेव्हा कुठे तुम्ही हात पुढे करता. मला वाटायचं, काकांना ऐकू कमी येतं. मग लक्षात यायचं, आत ऐकायचं काय असतं? बघायचंच तर असतं!"

"मी देवाकडे लक्ष ठेवून असतो."

"देव कुठे पळून चाललाय? पिशवीकडे ठेवा की." आणि माझा चहा उचलून पिऊन टाकला. म्हणाली, थंड झाला होता.

मी विचार करत राहिलो. इतकी वर्षं अवघड क्षण आला की मी हात देवाच्या हवाली करून टाकत होतो. हातांना ती सवय झाली. काल मालक सोडून गेल्यासारखे ते सैरभैर झाले, यात त्यांचा काय दोष?

दुपारी सराव केला. कशालाही हाक मारली नाही. टोकाकडे बघितलं, नळीकडे बघितलं, थेंबाकडे बघितलं. हात थरथरले, पण थोडे. टेबलावर काही सांडलं नाही. मॅडमनी पास केलं. म्हणाल्या, "सोमवारी मनाची तयारी नसेल तर आताच सांगा. बॅच एक दिवसही थांबणार नाही, पण मी तुम्हाला ढकलणार नाही."

मी करतो म्हणालो.

२ मार्च, रविवार

आज मनात फार कालवाकालव. नुसतं खाद्य भरणं वेगळं. उद्या एका माणसाचा जीव हातात असणार. अशा वेळी देवाला दाराबाहेर उभं करून आत जायचं? उद्याचा दिवस पुटपुटलो तर काय होईल? कदाचित सासूबाईंना कळणारही नाही. आणि नाही पुटपुटलो आणि काही वाईट झालं, तर जन्मभर वाटत राहील की एक हाक मारायला काय झालं होतं.

हे हिला बोलून दाखवलं. ही कणीक मळत होती.

"मी तुमच्यासाठी रोज स्वयंपाक करते. करताना तुम्हाला हाका मारत बसते का?"

"नाही."

"मग तो तुमच्यासाठी नसतो का?"

मी ओट्याला टेकून तिथेच उभा राहिलो.

"उलट तुम्ही मध्ये येऊन बोलत बसता तेव्हाच करपतं," ती म्हणाली. "सरका. डबा काढू द्या."

३ मार्च, सोमवार

सकाळी गाऊन पहिल्या खेपेला चढला. आत गेलो. तोफेने पुसलेली पिशवी हाताशी दिली. काचेपलीकडे मॅडम आणि साहेब. प्लास्टरवालाही कुबड्या घेऊन आला होता, काय उपयोग होणार होता कोण जाणे.

इन्क्युबेटरमधून वर्गबंधू आला. सुरुवातीचा चिमूटभर जीव आता बाटलीभर झाला आहे, किंचित धुरकट, हलवलं की रेशमासारखं वळण उमटतं. जीभ सवयीने उठली. मी ती दातांमागे बसवली. पुन्हा उठली, पुन्हा बसवली. तेवढ्यात पहिला थेंब नळीत उतरला आणि मी थेंबाकडे पाहिलं. मग दुसरा. पिशवी हळूहळू फुगू लागली. तोफेने चिमट्याची खूण केली, मी लगेच हात पुढे केला. गॉगलमागे तिचे डोळे केवढे झाले! हात मध्येच थरथरला. थांबलो, मनगट टेकवलं, थरथर ओसरू दिली, पुढे गेलो. घाई कोणी करत नव्हतं. नळीचं तोंड बंद झालं. तोफेने अंगठा वर केला.

गजर झाला नाही. पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत. त्या पार पडल्या तरच पिशवी दवाखान्यात जाईल. ते आता माझ्या हातात नाही.

बाहेर आल्यावर आतलं राहिलेलं सगळं एकदम म्हणून टाकायचं, असं मी ठरवून गेलो होतो. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलो, डोळे मिटले, हात जोडले. बसलो तसाच. म्हणायला काही राहिलेलंच नव्हतं.

तोफेने दार ठोठावलं. "काका, उठा आता, साहेब पेढे कधी म्हणून विचारतायत. त्यांना सांगितलं, काकांना बोलायला अजून बंदी आहे."

वर्गबंधूची पिशवी भरून झाली. भरताना मी देवाला एकही हाक मारली नाही.